मागच्याचा आवाज

१

कप्तानांचा नियम साधा होता. सगळ्यात पुढचा जे ओरडेल ते मधल्याने ओरडायचं आणि मधला जे ओरडेल ते शेवटच्याने. रस्त्यात खड्डा आला की कप्तान "खड्डा!" म्हणायचे, त्यांच्या मागून माझी बायको "खड्डा!" म्हणायची आणि सगळ्यात शेवटी मी. वाळू आली की वाळू, दगड आला की दगड. माझ्या मागे ऐकायला कोणीच नसायचं, त्यामुळे पहिले काही रविवार मला हा प्रकार अगदीच येडपट वाटला. मी तसं बोलूनही दाखवलं.

"चष्मेवाले," कप्तान म्हणाले, "तुमच्या मागे कोणी नाही हे तुम्हाला ठाऊक आहे. पण तुम्ही आहात हे मला कसं कळणार?"

दुसरा नियम याच्याच पोटातला होता. मागे वळून बघायचं नाही. खडीच्या रस्त्यावर मान वळली की खांदा वळतो, खांद्याबरोबर हँडल वळतं, पुढचं चाक सैल खडीत रुततं आणि माणूस आडवा होतो. कप्तान स्वतः एकदा असे आडवे झाले होते आणि गळपट्टीचं हाड मोडून दोन महिने हात झोळीत घालून फिरत होते. ते वाकडं जुळलेलं हाड ते कॉलर बाजूला करून कोणालाही दाखवायचे. "डोळे पुढे, कान मागे," एवढंच त्यांचं तत्त्वज्ञान.

कप्तान हे आमचं ठेवलेलं नाव. माणूस जन्मभर जमीन मोजण्याच्या खात्यात होता. निवृत्त झाल्यावर, ज्या वाटा साखळी ओढत मोजल्या त्याच जाड टायरच्या सायकलीवरून पुन्हा मोजत सुटला. मी चष्मे करतो. बाजाराच्या कोपऱ्यावर माझं दुकान आहे, आत डोळे तपासायची अंधारी खोली आणि मागे काचा घासायचं यंत्र. बायको रक्त तपासणीच्या लॅबमध्ये आहे. दर रविवारी सकाळी साडेसहाला आम्ही तिघं निघायचो. पाणथळीच्या बांधावरून चौदा किलोमीटर गेलं की एक जुनं पंपघर लागतं. तिथून पुढे चार किलोमीटर मोकळं कुरण, मग झाडीच्या टेकडीचा पाच किलोमीटर चढ. माथ्यावर एक लोखंडी फाटक आहे. फाटकाला हात लावायचा, केळं खायचं आणि आल्या वाटेने परत. अकराच्या सुमाराला मी आंघोळ करून पेपर वाचत बसलेला असायचो.

२

सायकल ही हौस बायकोची. मी आपला तिच्यामागे फरफटत गेलेला.

दीड वर्षापूर्वी तिच्या कानाच्या आतलं काहीतरी बिघडलं. एका सकाळी उठून उभी राहिली आणि घर फिरायला लागलं म्हणाली. त्यानंतरचे सात महिने आठवायलाही नको वाटतात. लॅबमध्ये मायक्रोस्कोपला डोळा लावला की तिला उलटी व्हायची. रस्ता ओलांडताना माझी बाही इतकी घट्ट धरायची की शिवण उसवायची. डॉक्टर म्हणाले, आजार ओसरेल, पण चक्कर अधूनमधून येत राहील. आधी डाव्या कानात गुणगुण सुरू होईल, मग मिनिटभराची सवड मिळेल. तेवढ्यात खाली बसायचं. बसली नाही तर पडणार.

"मला पुन्हा सायकल चालवायचीय," असं ती म्हणाली तेव्हा आमचं कडाक्याचं भांडण झालं. दोन दिवस अबोला. तिसऱ्या दिवशी मी हात टेकले आणि म्हणालो, "चालव. पण मी कायम तुझ्या मागे असणार. तू डगमगलीस की मला दिसलं पाहिजे."

"कायम?" तिने विचारलं.

"कायम."

ती हसली आणि मग उगीचच रडली. माझी जागा शेवटची ठरली ती अशी.

ज्या रविवारी हे सगळं सुरू झालं तो अगदी स्वच्छ होता. ऊन कोवळं, वारा नाही, बांधाच्या दोन्ही बाजूंना डोक्याएवढं पाणकणीस उभं. पुढून "खड्डा!" आलं. बायको "खड्डा!" म्हणाली. मी "खड्डा!" म्हणालो आणि तो खड्डा चुकवला.

आणि माझ्या मागून कोणीतरी "खड्डा" म्हणालं.

ओरडून नव्हे. आपली पाळी आली म्हणून म्हणावं, तसं साध्या आवाजात.

३

मी काही भित्रा माणूस नाही. निदान तेव्हा तसं वाटत नव्हतं. दिवसभर लोकांना फळ्यावरची अक्षरं वाचायला लावायची आणि त्यांना काय दिसतं, काय दिसल्यासारखं वाटतं, यातला फरक काढायचा, हा माझा धंदा. शेवटची ओळ दिसत नसताना बिनधास्त वाचून दाखवणारी माणसं मी रोज बघतो. त्यामुळे माझ्या कानांनी मला फसवलं असेल हे कबूल करायला मला काहीच जड गेलं नाही.

पंपघराशी थांबलो तेव्हा मी कप्तानांना सहज विचारल्यासारखं विचारलं, "या बांधावर आवाज घुमतो का हो?"

"घुमायला भिंत लागते, डोंगर लागतो," ते बाटली भरत म्हणाले. "इथे चारी बाजूंना पाणी आणि गवत. इथे आवाज जातो तो जातोच."

"काय झालं?" बायकोने विचारलं.

"काही नाही. माझा आवाज फाटलाय का बघत होतो."

"तो लग्नापासून फाटकाच आहे," ती म्हणाली. कप्तान खो खो हसले. मीही हसलो.

घरी आल्यावर मी आमच्या इमारतीच्या जिन्यात उभा राहून तीनदा "खड्डा!" म्हणून बघितलं. जिन्यात आवाज घुमला, पण तो वेगळा. शब्दाची शेपटी तेवढी परत येते. बांधावर मागून आलेला शब्द सुरुवातीपासून शेवटपर्यंत अख्खा होता, आणि माझा संपल्यावर दमाने म्हटलेला. दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी दार उघडून विचारलं, "कुठे हो खड्डा?" मी ओशाळं हसून वर आलो.

आठवडाभर मी स्वतःला समजावत राहिलो. पाणकणसात एखादा पक्षी असेल. काही पक्षी नकला करतात, असं ऐकून होतो. पण पक्ष्याला दोन किलोमीटरनंतर "वाळू" म्हणायचं कसं सुचलं, हे काही केल्या जमेना. हो, वाळूही म्हणालं होतं. ते मी बायकोला सांगितलं नाही.

४

पुढच्या रविवारी बांधावर पहिले चार किलोमीटर काहीच झालं नाही. माझा जीव भांड्यात पडतोय तोच कप्तान "दगड!" म्हणाले, बायको म्हणाली, मी म्हणालो, आणि मागून आलं, "दगड."

या वेळी आवाज जवळ होता, आणि ओळखीचा होता. दुकानातल्या फोनवर मी एकदा स्वतःचा निरोप रेकॉर्ड केला होता. तो ऐकल्यावर हे कोण बोलतंय असं वाटलं होतं. हा तोच आवाज होता. मी बाहेरून जसा ऐकू येत असेन, तसा.

वळून बघावंसं वाटलं. पण पुढे बायको होती आणि मी आडवा झालो असतो तर धडपडीच्या आवाजाने ती वळली असती. असं मी स्वतःला सांगितलं. खरं कारण असं की वळून बघायची माझी छाती झाली नाही.

कुरणात मी एक युक्ती केली. तोंड घट्ट मिटून घ्यायचं ठरवलं. ही सगळी माझ्याच घशाची करामत असेल, मी नकळत दोनदा बोलत असेन, तर गप्प बसल्यावर कळेल. कुरणातून जाणारी वाट एक छोटा उंचवटा सोडला तर सपाट आहे. दोन्हीकडे गुडघाभर गवत आणि मधून दोन चाकोऱ्या. तिथे कप्तानांनी सहादा हाक दिली आणि बायकोने सहादा ती मागे पोचवली. मी सहाही वेळा ओठ दाबून बसलो. आणि मागूनही काही आलं नाही. मला फक्त माझ्या टायरखालची खडी ऐकू येत होती. म्हणजे सगळं माझंच होतं तर. मला इतकं हलकं वाटलं की चढ कधी संपला कळलं नाही.

माथ्यावर कप्तान फाटकाला टेकून केळं सोलत होते. मी म्हणालो, "माफ करा हं, कुरणात मी हाका द्यायला विसरलो."

"कुठे विसरलात?" ते म्हणाले. "आज तर तुमचा आवाज खणखणीत येत होता. मी मनात म्हटलं, चला, चष्मेवाल्यांना उशिरा का होईना शिस्त लागली."

मी बायकोकडे बघितलं.

"माझ्या कानाशी बोंबलत होतास की," ती म्हणाली. "इतक्या जवळ नको येत जाऊस. मला वाटलं, टायर लागतंय माझ्या चाकाला."

मी तिच्यापासून चांगला दहा सायकलींच्या अंतरावर होतो.

केळं माझ्या हातात तसंच राहिलं. विचार करून करून डोकं नुसतं बधिर झालं. मी गप्प असताना ते माझ्या मागे नव्हतं. ते माझ्या आणि तिच्या मध्ये होतं. पण मध्ये असतं तर मला दिसलं नसतं का? मी सगळा वेळ तिच्या पिवळ्या जॅकेटकडेच बघत होतो. तिच्या आणि माझ्या मध्ये ऊन होतं, धूळ होती, बाकी काही नव्हतं.

५

मधले सहा दिवस दुकानात माझं लक्ष नव्हतं. एका बाईंच्या डाव्या डोळ्याचा नंबर उजव्या काचेत घातला. अंधाऱ्या खोलीत गिऱ्हाईक अक्षरं वाचायचं आणि मी त्याच्या मागे उभा असायचो. तेव्हा पहिल्यांदाच मला सुचलं की त्या माणसाला मी दिसत नाही. माझा नुसता आवाज येतो आणि तेवढ्यावर तो निमूटपणे बसून राहतो.

या रविवारी नको जाऊया, असं मी म्हणून बघितलं. बायकोने कारण विचारलं. काय सांगणार होतो? मागून कोणीतरी माझ्यासारखं बोलतं म्हणून? जिने सात महिने घर फिरताना बघितलंय, तिला मी आणखी एक न दिसणारी गोष्ट सांगायची?

"मला बरं वाटायला लागलंय आणि तुला कंटाळा यायला लागलाय," ती म्हणाली. त्यानंतर विषयच संपला.

त्या दिवशी बांध शांत गेला, कुरणही. माझी प्रत्येक हाक मी मोठ्याने दिली आणि प्रत्येक वेळी कान ताणून बसलो. काही आलं नाही. मग टेकडीचा चढ सुरू झाला.

चढावर वेग मंदावतो. झाडं उंच आणि सरळ, त्यामुळे खाली सावली, आणि सावलीत प्रत्येक आवाज स्वच्छ ऐकू येतो. माझा श्वास, माझी साखळी, माझं टायर. आणि त्यांच्या किंचित मागे दुसरी साखळी, दुसरं टायर. श्वास मात्र एकच, माझा. मी पेडल मारायचं थांबवलं की मागची साखळीही थांबायची आणि चाकाची टिकटिक सुरू व्हायची. दोन चाकांची टिकटिक. माझ्या पाठीला ऊब लागत होती. कोणीतरी अगदी जवळ असल्यावर लागते तशी.

माझा धीर सुटला. फाटकाशी पोचल्यावर मी सायकल फाटकाला टेकवली. मागे बघितलं. उतरती वाट, पानं, खडी. कोणी नाही. पण परत नऊ किलोमीटर पंपघरापर्यंत आणि तिथून चौदा घरापर्यंत ते पुन्हा माझ्या पाठीला चिकटून येणार होतं. ते मला सहन होण्यासारखं नव्हतं.

मी बायकोला म्हणालो, "माझा मागचा ब्रेक घासतोय. उतारावर मी तुझ्या मागे नको. सुटला तर तुझ्यावरच येऊन आदळेन. पंपघरापर्यंत मी मध्ये राहतो."

"म्हणजे मी शेवटी?"

"नऊच किलोमीटर."

तिने माझ्याकडे नीट बघितलं. तिची ती नजर मला अजून टोचते. तिला आनंदही झाला होता आणि थोडी भीतीही वाटली होती. एकटीने शेवटी राहायचं म्हणजे आपण बरे झालो, असं तिला वाटलं असणार. माझा ब्रेक उत्तम होता.

"ठीक आहे," ती म्हणाली. "पण माझा आवाज आला नाही तर थांबायचं हं."

"थांबेन."

६

कप्तान पुढे, मी मध्ये, ती शेवटी. पहिल्याच वळणावर कप्तान "वाळू!" म्हणाले, मी म्हणालो, आणि मागून तिचा आवाज आला, "वाळू!"

मला किती बरं वाटलं ते सांगवत नाही. तिचा आवाज. नेहमीचा, थोडा किनरा, शब्दाच्या शेवटी वर जाणारा. माझ्या पाठीची ऊब गेली होती. मागे दुसरी साखळी नव्हती. मी स्वतःला म्हणालो, बघ, काही नव्हतंच. आणि त्याच दमात मनात आलं, नव्हतंच, तर तिला मागे का ठेवलंस? आणि असेल, तर मग तिला मागे कसं ठेवलंस? दोन्हीकडून मी तोंडघशी पडत होतो. म्हणून मी विचार करणं सोडून दिलं आणि नुसता ऐकत राहिलो.

"खड्डा!" "खड्डा!" "खड्डा!"

उतार संपला. कुरण लागलं. तिथे मध्ये एक छोटा चढ आहे, दोनशे पावलांचा, पण दम काढणारा. कप्तान धापा टाकत "दगड" म्हणाले. मीही धापा टाकत "दगड" म्हणालो. मागून आलं, "दगड!"

धाप नव्हती.

ती माझ्यापेक्षा दमदार आहे, मी म्हटलं. लहानपणापासून सायकल चालवतेय. पण आजारानंतर त्या चढावर ती दर वेळी पायउतार व्हायची आणि आम्ही वर थांबून तिची वाट बघायचो. आज आम्ही थांबलो नव्हतो. थांबायची गरजच पडली नव्हती, कारण आवाज येत होता. बरोबर वेळेवर, बरोबर तेवढ्याच अंतरावरून.

मी वळून बघायला हवं होतं. कप्तानांचं हाड गेलं खड्ड्यात. सायकल थांबवून, पाय टेकवून, सरळ मागे बघायला पाच सेकंद लागतात. मी बघितलं नाही. मी स्वतःला सांगितलं की नियम आहे, आणि नियमाप्रमाणे शेवटचा आवाज येतोय. म्हणजे सगळे आहेत.

७

पंपघर म्हणजे एकच खोली. आत गंजलेले दोन पंप, भिंतीवर बंद पडलेले काळ्या काट्यांचे मीटर, कोपऱ्यात अजून चालू असलेला एक नळ आणि पायाखाली कायमची ओल. मागच्या भिंतीला एक खिडकी आहे. तिला काच नाही, नुसती जाळी. त्या खिडकीतून कुरणाकडून येणारी वाट दिसते.

थांबल्यावर प्रत्येकाने "पोचलो" म्हणायचं, हाही कप्तानांचाच नियम. त्यांनी सायकल भिंतीला टेकवली, "पोचलो!" म्हणाले आणि बाटली घेऊन आत गेले. मी त्यांच्या पाठोपाठ आत शिरता शिरता "पोचलो!" म्हणालो.

"पोचले," बायको बाहेरून म्हणाली.

आणि माझ्या खिशातला फोन वाजला. पडद्यावर बायकोचं नाव होतं.

मला वाटलं, सायकलवरून उतरताना चुकून दाबला गेला असेल. मी फोन कानाला लावला.

"अरे, गेलास कुठे?" ती म्हणाली. तिचा आवाज थकलेला होता आणि मागे झाडांची सळसळ होती. "आत्ता तर इथे होतास."

"तू कुठे आहेस?"

"कुठे म्हणजे? जिथे थांब म्हणालास तिथेच. दुसऱ्या वळणावर, झाडाला टेकून बसलेय. चक्कर गेली आता. तू पाणी आणायला गेलायस का?"

नळाचं पाणी कप्तानांच्या बाटलीत पडत होतं. मी खिडकीकडे बघितलं.

पिवळं जॅकेट होतं. वाटेवर, भिंतीपासून पंधरावीस पावलांवर. खिडकीच्या चौकटीने हेल्मेटचा वरचा भाग कापला होता आणि जाळीमुळे चेहऱ्याच्या जागी नुसतं करडं दिसत होतं. सायकल उभी होती. सायकलवर बसलेल्या त्या माणसाचे दोन्ही पाय पेडलवर होते. जमिनीवर एकही नव्हता. सायकल हलत नव्हती, कलत नव्हती, आणि त्याची मान सरळ पुढे होती. ते आमच्याकडे बघत नव्हतं. पुढून काहीतरी ऐकू यायची वाट बघितल्यासारखं थांबलं होतं.

"हॅलो?" फोनमधून बायको म्हणाली.

"हॅलो?" बाहेरून बायको म्हणाली.

माझ्या हातून फोन खाली पडला. तो उचलून पुन्हा बघितलं तेव्हा खिडकीत वाट होती, कुरण होतं, ऊन होतं.

"वहिनी आत का येत नाहीत?" कप्तान नळ बंद करत म्हणाले.

"ती वर आहे," मी म्हणालो. "टेकडीवर."

"काहीतरीच काय. आत्ता आवाज आला की." ते दारात जाऊन उभे राहिले. आमच्या दोन सायकली होत्या, तिसरी नव्हती. मग त्या माणसाने, ज्याला मी इतक्या महिन्यांत कधी मागे बघताना पाहिलं नव्हतं, मान वळवून त्या वाटेकडे बघितलं.

८

परत वर जाताना कोणी हाका दिल्या नाहीत. मी पुढे होतो आणि कप्तान माझ्या शेजारून, जमेल तसे.

ती दुसऱ्या वळणावर बसली होती, फाटकापासून एक किलोमीटरही खाली नव्हे. सायकल कडेला आडवी घातलेली, हेल्मेट मांडीवर. तिच्यापासून चार पावलांवर वाट संपते आणि सरळ दरीसारखा उतार सुरू होतो, खाली दगडांपर्यंत. मला बघून ती उठायला लागली. मी धावत जाऊन तिला धरलं. इतकं घट्ट की ती "अरे, लागतंय," म्हणाली.

कप्तान थोडे लांबच थांबले. त्यांनी आमच्याकडे पाठ केली होती.

"कानात गुणगुण सुरू झाली," ती सांगायला लागली, "आणि मी ठरवलं की थांबायचं नाही. नऊ किलोमीटर एकटीने करून दाखवायचे. तेवढ्यात तू मागून म्हणालास, थांब. बस खाली. लगेच. मी बसले आणि सगळं गरगरायला लागलं. डोळे मिटून घेतले. तू पाठीशीच होतास. मी आहे, मी आहे, म्हणत होतास. पाठीला तुझी ऊब लागत होती. किती वेळ गेला कोण जाणे. डोळे उघडले तर तू नाहीस."

मी तिच्या जॅकेटवरची धूळ झटकली.

"पण एक गंमत झाली," ती हळूच म्हणाली. कप्तानांना ऐकू जाऊ नये इतक्या हळू. "गंमत नव्हे, मला भीती वाटली. थांब म्हणालास त्याच्या आधी पुढूनही तुझाच आवाज येत होता. वाळू म्हणून ओरडत कोणीतरी पुढे चाललं होतं, तुझा शर्ट घालून. मागून तू आणि पुढूनही तू. चकरेत असं होतं का?"

"होत असेल," मी म्हणालो.

"नाही. ऐक. फाटकाशी जो मला ब्रेकचं सांगत होता ना, त्याचा चेहरा मी बघितला होता. तो घाबरलेला होता. माझ्या डोळ्यांत बघत नव्हता. मी तेव्हाच मनात म्हटलं, हा असं कसं बोलतोय? हा मला शेवटी ठेवून जाणार नाही. काही झालं तरी जाणार नाही." तिने माझा हात दोन्ही हातांत घेतला. तिचे हात गार पडले होते. "तू मागे होतास ना? पुढे गेला तो तू नव्हतास ना?"

तिच्या डोळ्यांत पाणी होतं. माझ्या अंगात तोच शर्ट होता. खरं सांगितलं असतं तर या आजारात ज्या एका माणसाच्या भरवशावर ती उभी राहिली होती, तो तिथल्या तिथे गेला असता. आणि खोटं सांगितलं तर तो माणूस मी नव्हेच, हे मला एकट्याला कायमचं ठाऊक राहणार होतं.

"मीच होतो मागे," मी म्हणालो.

तिने सुटकेचा श्वास सोडला आणि कपाळ माझ्या खांद्याला टेकवलं.

"मग बास," ती म्हणाली. "दुसरा कोण होता ते मला जाणूनच घ्यायचं नाहीये. तो आपल्या घरात यायला नको, एवढंच."